मामाने आणलेली बाटली आणि आईची केमो

पत्र असं आहे:

"ताई, आईचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन अडीच-तीन महिने झाले. तिसरी स्टेज होती. डॉक्टरांनी केमोच्या आठ सायकल सांगितल्या आहेत. पहिल्या दिवशी सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन, मग १४ दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. दोन सायकल झाल्या. गार वस्तूला हात लागला की आईच्या बोटांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो, मळमळ थांबत नाही. ती म्हणते, आता पुरे. अशात मामाने अळंबीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. बाटलीवर 'नैसर्गिक पॉलिसॅकराइड ४० टक्के, बीटा-ग्लुकनयुक्त' असं लिहिलंय. खाली जीवनसत्त्वं आणि फॉलिक ॲसिडही आहे. मामा म्हणतो, जपानमध्ये डॉक्टर हे कॅन्सरवर औषध म्हणून देतात, मग केमोचं विष कशाला? पुढची सायकल दहा दिवसांवर आली आहे. मामाचं खरं आहे का? केमो थांबवून हे द्यावं का? ते नाही तर निदान सोबत द्यावं का? मामाशी भांडण नको आहे. त्याचा आईवर फार जीव आहे."

शेवटच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारण तुमच्या हातात दहाच दिवस आहेत. केमो थांबवून या कॅप्सूल द्यायच्या नाहीत. बाटली सध्या उघडायचीही नाही. आणि पुढच्या सायकलच्या तारखेची वाट न बघता उद्या सकाळीच आईच्या डॉक्टरांना फोन करून तिची बोटं, घसा आणि मळमळ यांबद्दल सांगायचं. एवढं ठरवलंत की बाकीचं निवांत वाचा.

मी कॅन्सर वॉर्डाला औषधं पुरवणाऱ्या विभागात फार्मासिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली. केमोची सलाईन तयार करायची, पेशंटच्या पिशवीतून निघालेल्या बाटल्यांची लेबलं वाचायची, कशासोबत काय चालत नाही ते डॉक्टरांना कळवायचं, हे रोजचंच काम. त्या पिशव्यांमधून अळंबीच्या कॅप्सूल इतक्या वेळा निघाल्या आहेत की तुमचं पत्र वाचताना ती बाटली मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांनी ऐकलेल्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो नीट समजून घेतला तरच दुसरा अर्धा भाग त्यांना पटेल. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या छोट्या रेणूंची लांब माळ. स्टार्च ही अशी माळ, कापसाचा धागाही अशीच माळ, आपल्या यकृतात साठवलेलं ग्लायकोजेनही तसंच. तिन्हींत मणी एकच, ग्लुकोजचा. पण मणी कोणत्या बाजूने ओवला, फांद्या कुठे फुटल्या, यावर सगळं ठरतं. म्हणून स्टार्च आपल्याला पचतो आणि कापूस पचत नाही. बीटा-ग्लुकन ही त्यातलीच एक माळ, अळंबीच्या आणि यीस्टच्या पेशींच्या भिंतीत असणारी. माणसाच्या शरीरात ती बनत नाही. त्यामुळे ती आत आलेली दिसली की आपल्या पांढऱ्या पेशी त्याचा अर्थ 'बुरशी शिरली' असा घेतात आणि कामाला लागतात. या पेशींच्या पृष्ठभागावर बीटा-ग्लुकन ओळखणारी एक खास जागा असते, तिचं नाव डेक्टिन-१. इंग्लंडमधल्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन या संशोधकांनी २००१ मध्ये ती दाखवून दिली. म्हणजे 'रोगप्रतिकारशक्ती जागी होते' हे वाक्य निव्वळ जाहिरातीचं नाही, त्यामागे खरी यंत्रणा आहे.

जपानची गोष्टही खरी. गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके नावाच्या अळंबीतून एक बीटा-ग्लुकन वेगळं काढलं, त्याला लेंटिनान म्हणतात. १९६९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की सार्कोमा-१८० नावाची गाठ रुजवलेल्या उंदरांना ते टोचलं की गाठ आक्रसते. पुढे लगेच लक्षात आलं की ते कॅन्सरच्या पेशीला स्वतः मारत नाही. ज्या उंदरांची थायमस ग्रंथी जन्मतःच काढून टाकली होती, म्हणजे ज्यांच्यात टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशी घडतच नव्हत्या, त्यांच्यात लेंटिनानचा परिणाम दिसला नाही. जे काही घडत होतं ते उंदराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून घडत होतं. आणखी एक गोष्ट, जी बाटल्या विकणारे कधीच सांगत नाहीत: मात्रा वाढवत नेली तर परिणाम वाढला नाही, उलट ओसरला. 'नैसर्गिक आहे, दोनाऐवजी चार घ्या' हा सल्ला मला म्हणूनच खटकतो.

यातून जपानमध्ये खरोखरची औषधं तयार झाली. लेंटिनान हे इंजेक्शन, आठवड्याला साधारण दोन मिलिग्रॅम, शिरेतून, जठराचा कॅन्सर काढता येण्याजोगा नसेल किंवा परत आला असेल तेव्हा केमोच्या जोडीला. दुसरं क्रेस्टिन. टर्की टेल या अळंबीपासून काढलेलं, प्रथिनाला जोडलेलं पॉलिसॅकराइड, ज्याला पीएसके म्हणतात. हे तोंडाने घ्यायचं, दिवसाला तीन ग्रॅम. शिवाय सिझोफायलन नावाचं एक इंजेक्शन होतं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनबरोबर द्यायचं. ही सगळी औषधं सरकारी मान्यता घेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिली जायची.

आता तुमच्या आईच्याच आजारातला एक अभ्यास सांगते, कारण मामांनी ऐकलेलं कुठून तरी इथूनच निघालेलं असणार. १९९४ मध्ये जपानमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला केमो, दुसऱ्याला केमो आणि पीएसके. पाच वर्षांनी केमोच्या गटात शंभरातले ६० जण हयात होते, केमो अधिक पीएसकेच्या गटात ७३. आकडा चांगला आहे, मी तो कमी लेखणार नाही. नंतर अशा आठ चाचण्या, एकूण ८,००९ पेशंट, एकत्र करून हिशोब मांडला गेला. तेव्हा फायदा टिकला, पण लहान झाला: मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी.

हे वाचून मामांना बरं वाटेल, आणि वाटू दे. पण त्यांना एकच वाक्य दोनदा वाचायला सांगा. एका गटाला केमो, दुसऱ्या गटाला केमो आणि पीएसके. पीएसके एकटं कुणालाच दिलं नव्हतं. जपानी डॉक्टरांनी केमोच्या जागी अळंबी ठेवली नाही, केमोच्या शेजारी ठेवली. तुमच्या घरात जो प्रश्न उभा आहे, 'हे की ते', तो त्या चाचण्यांमध्ये कधी विचारलाच गेला नव्हता. तेव्हा 'जपानमध्ये देतात' यावरून केमो सोडण्याला आधार मिळत नाही. उलट जपानचं उदाहरण घ्यायचं तर आधी केमो घ्यावी लागते.

गोष्ट तिथेही संपत नाही. त्या बहुतेक चाचण्या जुन्या काळातल्या केमोबरोबरच्या होत्या, आज ती औषधं तशी वापरत नाहीत. नवी केमो आल्यावर पॉलिसॅकराइडचा फायदा उरतो का, हे पुन्हा तपासायला हवं होतं, आणि लेंटिनानच्या बाबतीत ते तपासलं गेलं. जपानमध्येच, ३०९ पेशंट, जठराचा पसरलेला किंवा परत आलेला कॅन्सर. निम्म्यांना एस-१ नावाची गोळ्यांची केमो, निम्म्यांना तीच केमो अधिक लेंटिनान. २०१६ मध्ये निकाल आला. नुसत्या केमोच्या गटात निम्मे पेशंट १३.८ महिन्यांपर्यंत जगले होते, लेंटिनानच्या गटात ९.९ महिन्यांपर्यंत. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून लेंटिनानने आयुष्य घटवलं असं कुणी म्हणत नाही. पण वाढवलं नाही, हे स्पष्ट झालं. त्याआधीच्या पाच लहान चाचण्या एकत्र केल्या होत्या तेव्हा मात्र चित्र आशादायक दिसत होतं. मी या निकालाचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाईट वाटलं होतं, कारण या औषधाचा उंदरांपासूनचा प्रवास मी आस्थेने वाचत आले होते. आज क्रेस्टिन आणि लेंटिनान ही दोन्ही औषधं जपानच्या बाजारातही राहिलेली नाहीत.

आता केमोचं. मामा तिला विष म्हणतात, आणि आईच्या बोटांकडे बघून त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण आईला जी केमो चालू आहे, नेमकी तीच, ऑपरेशननंतर सहा महिन्यांत आठ सायकल, ही दक्षिण कोरिया, चीन आणि तैवानमधल्या १,०३५ पेशंटवर तपासली गेली आहे. नुसतं ऑपरेशन केलेल्या गटात पाच वर्षांनी शंभरातले ६९ जण हयात, ऑपरेशन आणि केमोच्या गटात ७८. शंभरामागे नऊ माणसं. ती नऊ माणसं कोण, हे आधी कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून शंभरही जणांना मुंग्या सोसाव्या लागतात. हे कठीण आहे. पण केमो थांबवताना आपण काय सोडतोय ते आईला या आकड्यांत सांगा, 'डॉक्टर सांगतायत म्हणून घे' असं नको. ती मोठी आहे, तिला कळेल.

नैसर्गिक आणि विष अशी विभागणी मला तर कधी जमलीच नाही. व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीतून निघालं. पॅक्लिटॅक्सेल हे यू नावाच्या झाडाच्या सालीतून. ती दोन्ही मी हातमोजे घालून, काचेआड बसून भरायचे. झाडातून आलेलं ते सौम्य, असं औषधशास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही.

पॉलिसॅकराइडचं वेगळेपण दुसरीकडे आहे, त्याच्या आकारात. पॅक्लिटॅक्सेलच्या रेणूचं वजन ८५४. लेंटिनानचं चार लाखांच्या वर. छोटा रेणू पेशीच्या आत शिरून तिचं विभाजन अडवतो. एवढा प्रचंड रेणू तसा आत शिरत नाही, आतड्यातूनही फारसा शोषला जात नाही. म्हणून तर लेंटिनान शिरेतून द्यायचे. गिळलेलं बीटा-ग्लुकन आतड्याच्या भिंतीजवळच्या प्रतिकारपेशींशी थोडीफार ओळख करतं, बाकीचं मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. जठर काढलेल्या माणसाला पोट फुगण्याचा त्रास आधीच असतो, त्यात ही भर. कॅप्सूलमधलं बीटा-ग्लुकन आणि जपानच्या इंजेक्शनमधलं बीटा-ग्लुकन यांचं नाव एक असलं तरी शरीरात त्यांचा रस्ता एक नाही.

तुमच्या बाटलीकडे येऊ. 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' ही ओळ बघून मामांना वाटलं असेल की चाळीस टक्के औषध आहे. पण स्टार्चही पॉलिसॅकराइडच ना? अळंबीचे तंतू बऱ्याचदा धान्यावर वाढवतात आणि धान्यासकट दळतात. मग त्या भुकटीत धान्याचा स्टार्च भरपूर येतो. कॅप्सूल भरताना माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, तेही त्याच जातीचं. आणि पॉलिसॅकराइड मोजायची जी स्वस्त, सर्रास वापरली जाणारी चाचणी आहे ती फक्त साखर मोजते, माळ कुठली ते तिला कळत नाही. त्यामुळे लेबल खोटं न ठरताही बाटलीत निम्म्याहून जास्त स्टार्च असू शकतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशी अळंबीच्या १९ उत्पादनांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले गेले, तर लेबलाशी जुळणारी फक्त पाच निघाली. चाळीस टक्क्यांचा आकडा वाचून मी कधीच खूश होत नाही. बीटा-ग्लुकन वेगळं मोजलंय का, अळंबी कुठली, तिचा कुठला भाग, जड धातू तपासले का, एवढं लिहिलेलं नसेल तर आत काय आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

पण तुमच्या बाटलीत मला सगळ्यात जास्त खटकलेला शब्द पॉलिसॅकराइड हा नाहीच. तो आहे फॉलिक ॲसिड. तुम्ही सहज लिहून गेलात, म्हणून मी पत्र परत वाचलं. आईच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या शरीरात गेल्यावर फ्लुओरोयुरॅसिल नावाच्या औषधात बदलतात, आणि फॉलिक ॲसिडमुळे त्या औषधाचा जोर वाढतो. जोर वाढला म्हणजे जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटणं हे सगळं वाढतं. एरवी निरुपद्रवी, अनेकांना डॉक्टरच लिहून देतात असं जीवनसत्त्व, पण आईला सध्या ते डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही. 'सोबत दिलं तर काय बिघडतं' याचं उत्तर हे आहे: काय बिघडतं ते लेबलाच्या खालच्या बारीक अक्षरांत असतं.

इतर धोके थोडक्यात सांगते. रेशीने रक्त गोठायला वेळ लागू शकतो आणि केमोत प्लेटलेट आधीच खाली येतात. रेशीची भुकटी घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. समुद्री शेवाळातल्या फ्युकॉइडनचंही नाव कुणीतरी तुमच्या कानावर घालेल, तेही रक्त पातळ करण्याकडे झुकणारं आहे आणि कॅन्सरवर त्याचा पुरावा मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आहे. रेशीबद्दल मात्र एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी: कॉक्रेन या संस्थेने पाच चाचण्यांचा, ३७३ पेशंटचा आढावा घेतला, त्यात केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला रेशी दिलेल्यांचा प्रतिसाद थोडा बरा दिसला. पण चाचण्या कच्च्या होत्या, आणि नुसत्या रेशीने गाठ आक्रसण्याचं तेवढं प्रमाण दिसलं नाही. परत तेच: शेजारी, जागी नाही.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत लिहून घरात लावा. अशा उत्पादनांबरोबर बऱ्याचदा सांगितलं जातं की सुरुवातीला ताप येईल, जुलाब होतील, ती शरीरातली घाण बाहेर पडतेय, घाबरू नका. केमो चालू असलेल्या माणसाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती त्याच क्षणी हॉस्पिटल गाठण्याची वेळ असते, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जीवावर बेततो. आणि दिवसात नेहमीपेक्षा चारच्या वर जुलाब झाले तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. हे मी पाहिलेलं आहे. एक गृहस्थ दोन दिवस तापात घरी पडून होते, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की औषध लागू पडतंय. ते वाचले, पण तीन आठवडे आमच्याकडे होते आणि त्यांची केमो त्यामुळे लांबली.

'सोबत' आणि 'ऐवजी' यांच्यात अंतर किती कमी असतं, तेही तुम्हाला माहीत असावं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून पर्यायी उपचार घेणारे २५८ जण होते. हे सगळे नेहमीचा उपचार काही ना काही प्रमाणात घेत होते. तरीही त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांनी सुचवलेली केमो नाकारली, इतरांमध्ये हे प्रमाण तीन टक्के होतं. रेडिएशन नाकारणारे ५३ टक्के, इतरांत दोन. आणि त्यांच्यात मृत्यूचा धोका दुप्पट दिसला. हिशोब खोलात केल्यावर कळलं की तो धोका मुख्यतः नाकारलेल्या आणि लांबवलेल्या उपचारांमुळे होता. बाटलीने कुणाला मारलं नव्हतं. हातात बाटली असल्यामुळे केमो सोडणं सोपं वाटलं होतं.

तुमच्या घरात सध्या नेमकं हेच चाललंय, असं मला वाटतं. आईला अळंबीचं आकर्षण नाही, तुमच्या पत्रात तसं एकही वाक्य नाही. तिला मुंग्या नको आहेत, मळमळ नको आहे. मामाच्या बाटलीने तिला थांबण्याचं कारण दिलंय. म्हणून बाटलीबद्दल वाद घालत बसण्यापेक्षा तिच्या बोटांकडे बघा.

ऑक्झॅलिप्लॅटिनच्या मुंग्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार थंडीने येणारा: फ्रिजमधली बाटली धरली, गार पाणी प्यायलं, वारा तोंडावर आला की बोटं, ओठ, घसा. घसा आवळतो तेव्हा माणूस फार घाबरतो, श्वास अडकतोय असं वाटतं. हा प्रकार सलाईननंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो आणि ओसरतो. त्यासाठी सलाईनच्या दिवसापासून आठवडाभर फ्रिजमधल्या वस्तू दुसऱ्या कुणीतरी काढायच्या, प्यायचं पाणी कोमट, बाहेर पडताना हातमोजे आणि नाका-तोंडावरून रुमाल. खरंच श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या तर तो वेगळा प्रकार, तेव्हा लगेच हॉस्पिटल.

दुसरा प्रकार हळूहळू साठत जातो. सुट्टीच्या आठवड्यातही बोटं बधिर राहतात. आईला ब्लाउजची हुकं लावता येतात का, सुईत दोरा ओवता येतो का, पेन धरून सही पूर्वीसारखी येते का, हे बघा आणि तारीख घालून लिहून ठेवा. डॉक्टरांना 'मुंग्या येतात' एवढंच सांगितलं तर ते मान हलवून पुढे जातील. 'सलाईननंतर पंधराव्या दिवशीही हुक लावता आलं नाही' असं सांगितलंत तर ते डोस बदलतील. ऑक्झॅलिप्लॅटिनचा डोस कमी करता येतो, सायकल आठवडाभर पुढे ढकलता येते, गरज पडली तर ऑक्झॅलिप्लॅटिन बंद करून नुसत्या गोळ्या चालू ठेवता येतात. सगळं किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते आईसमोर आहेत असं तिला वाटतंय. मधले तीन-चार रस्ते तिला कुणी दाखवलेलेच नाहीत.

मळमळीचंही तसंच. उलटीवरची औषधं एका प्रकारची नसतात, तीन-चार वेगवेगळ्या गटांची असतात, एक लागू पडलं नाही तर दुसऱ्या गटातलं जोडतात. दोन सायकल मळमळ सहन केली म्हणून तिसरीतही करावी लागेल असं नाही. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर लिहून ठेवा. जठर काढल्यावर थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा खावं लागतं, आणि मळमळीत ते राहून जातं. जठर पूर्ण काढलं असेल तर बी-१२ ची इंजेक्शनं कधीपासून, तेही याच फोनवर विचारा.

आता मामा. त्यांना बाटली परत न्यायला सांगू नका. त्यांना म्हणा, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तुम्ही चला आणि बाटली सोबत घ्या. नुसतं नाव सांगून भागत नाही, लेबलाच्या चारही बाजू डॉक्टरांना आणि तिथल्या फार्मासिस्टला बघू द्या. आई बरी झाल्यावर, केमो संपल्यावर, फॉलिक ॲसिड नसलेलं, तपासलेलं एखादं उत्पादन घ्यावंसं वाटलंच तर तेव्हा विचारता येईल. डॉक्टर 'चालेल' म्हणाले तर माझी हरकत नाही. पण दडवून काहीही द्यायचं नाही. डॉक्टर रागावतील म्हणून लोक सांगत नाहीत, आणि मग यकृताचे आकडे का बिघडले हे शोधण्यात आमचे आठवडे जातात. इंजेक्शनमधून दिलेल्या या बीटा-ग्लुकनने तर रक्तातल्या बुरशीची तपासणीही खोटी पॉझिटिव्ह येते, कारण ती तपासणी हीच माळ शोधत असते.

मामांना सांगायला आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्यांना आवडेल. ऑपरेशननंतर आईच्या पोटावर किंवा मांडीवर रोज एक बारीक इंजेक्शन दिलं जात होतं का, आठवून बघा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते बहुधा हेपरिनच्या जातीचं असतं. हेपरिन हे पॉलिसॅकराइड आहे, नैसर्गिक आहे, डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. कॅन्सरच्या पेशंटमध्ये गुठळ्या फार होतात आणि या औषधाने रोज कितीतरी जण वाचतात. त्याने कॅन्सरही मागे हटेल अशी आशा होती, फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२०२ पेशंटवर तपासून पाहिलं, आयुष्य वाढलं नाही. म्हणून ते गुठळ्यांसाठी वापरतात, कॅन्सरसाठी नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कोणती लसीकाग्रंथी आधी तपासायची हे दाखवणारं टिल्मानोसेप्ट नावाचं एक औषध २०१३ पासून अमेरिकेत मान्य आहे, तेही डेक्स्ट्रान या पॉलिसॅकराइडच्या माळेवर बांधलेलं. आणि न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये त्या कॅन्सरविरुद्धच्या लसीसोबत तोंडाने यीस्टचं बीटा-ग्लुकन दिल्यावर लसीला मिळणारा प्रतिसाद वाढला, असं न्यूयॉर्कमधल्या १०७ रुग्णांच्या चाचणीत २०२३ मध्ये दिसलं. डॉक्टर नैसर्गिक गोष्टींच्या विरोधात आहेत असं मामांना वाटत असेल तर त्यांना ही उदाहरणं सांगा. प्रतिकारशक्ती जागी करून कॅन्सरशी लढायची कल्पना आज मुख्य उपचारांत आहे, मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजीची लस कितीतरी वर्षं वापरतात ती याच कल्पनेवर. पॉलिसॅकराइडवर काम करणारे लोक अजून थांबलेले नाहीत, थांबूही नयेत.

उद्याच्या फोनसाठी कागदावर चार ओळी लिहून घ्या: मुंग्या कधी सुरू होतात आणि कितव्या दिवशी थांबतात, हुक लावता येतं का, दिवसातून किती वेळा मळमळते, दोन सायकलमध्ये वजन किती उतरलं. पाचवी ओळ, घरात फॉलिक ॲसिड असलेल्या कॅप्सूल आल्या आहेत, अजून दिलेल्या नाहीत. फोन आईच्या शेजारी बसून, स्पीकरवर लावून करा, म्हणजे डोस बदलता येतो हे तिला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू येईल. तिसरी सायकल कशी गेली ते मला कळवा.